पडद्यावरचा देव आणि यात्रेचे पुण्य

जत्रेला गेलेले कुटुंब दिवसा देवळात देव पाहते आणि रात्री तंबूत चित्रपट पाहते. त्या चित्रपटात देव आला, तर ते पाहणे दर्शन ठरते का? भारतात हा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे आणि त्याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पडदा हे कापड आणि त्यावरचा देव हा रंग लावलेला नट, तेव्हा त्याला हात जोडणे भाबडेपणाचे, हे एक. भाव तेथे देव, हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईने दिलेली आहेत. पहिले मान्य केले तर देवळातली मूर्तीही दगडच ठरते. दुसरे मान्य केले तर मूर्ती, मुखवटा, तसबीर आणि चित्रपट यांत काही फरकच राहत नाही. फरक आहे, आणि तो सामान्य भाविकाला पक्का ठाऊक असतो. त्याच्या वागण्यात तो दिसतो. शास्त्रकारांनी तो निराळ्या भाषेत मांडला आहे.

या विचाराला सिल्वासा आणि त्याच्या आग्नेयेचा सह्याद्रीचा पट्टा फार उपयोगी पडतो. दमणगंगेच्या काठचे सिल्वासा हे दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य गाव. २०११च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी समाजांचे होते. मराठ्यांकडून १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. त्या राजवटीची खूण म्हणून गावात दयामाता मेरीचे चर्च आहे. जवळच बिंद्राबिनला ताडकेश्वर महादेवाचे देऊळ आहे. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि पालघाट देवी त्या चौकात बसते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. येथून जव्हार-मोखाड्यावरून जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरला पोहोचतो. मोटारीने एका दिवसात होणाऱ्या या प्रवासात भिंतीवरचा देव, मुखवट्यातला देव, ज्योतिर्लिंग आणि पडद्यावर देव आणणाऱ्या माणसाचे जन्मगाव, सगळे भेटते.

मुखवट्यातला देव म्हणजे बोहाडा. काही भागांत त्याला भोवाडा किंवा भवाडा म्हणतात. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ या तालुक्यांत आणि नगर हवेलीतल्या कोकणा वस्तीतही ही परंपरा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी, शेतीची कामे थांबलेली असताना, रात्रभर देवांची सोंगे नाचवली जातात. गणपती येतो, शारदा येते, मारुती, रावण, वेताळ, नरसिंह येतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग पुढे सरकते आणि दुतर्फा बसलेले लोक ते पाहतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे याचा मान ठरलेला असतो. मुखवट्याआड कोण आहे हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दिवसा तो शेजारच्या शेतात राबणारा माणूस असतो. तरी त्या वेळेपुरते त्याच्यापुढे डोके टेकवले जाते, आणि बोललेला नवस फेडण्यासाठी कोणी सोंग अंगावर घेतो. पहाटे मुखवटा उतरला की तो पुन्हा शेजारी.

यात काही विसंगत आहे असे ज्याला वाटेल, त्याने घरातला गणपती आठवावा. पार्थिव मूर्तीत चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होते आणि नेमल्या दिवशी विसर्जन होते. ज्येष्ठागौरी तीन दिवसांच्या पाहुण्या. त्यांचेही मुखवटे असतात, त्यांनाही आवाहन असते आणि पाठवणीही. देवाचे अमुक वेळेपुरते येणे आणि परत जाणे हा हिंदू उपासनेतला अपवाद नव्हे, तो तिचा नित्याचा भाग आहे. मोठ्या देवळांतही गाभाऱ्यातली अचल मूर्ती वेगळी आणि पालखीत मिरवणारी उत्सवमूर्ती वेगळी. तेव्हा चित्रपटातला देव दोन-अडीच तासांपुरता असतो, एवढ्या कारणाने त्याला नाकारता येत नाही. तो नटाच्या अंगावरचा वेष असतो, या कारणानेही नाही, कारण मग बोहाडाही नाकारावा लागेल. खरा प्रश्न आवाहनाचा आहे. गणपतीला यजमान बोलावतो, सोंगाला गाव बोलावते, पालघाटीला वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणणारी धवलेरी गाऊन बोलावते. बोलावणारा कोणीतरी उभा राहतो आणि आलेल्या देवाची जबाबदारी घेतो. चित्रीकरणाच्या मुहूर्तालाही नारळ फुटतो, पण तो काम तडीस जावे म्हणून. देवाने पडद्यावर यावे म्हणून नव्हे.

नटाला राम म्हणून पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात नेमके काय घडते, याचा सूक्ष्म विचार काश्मीरच्या शास्त्रकारांनी केला. नवव्या शतकातल्या श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत नोंदवले आहे. शंकुकाने चित्रतुरगाचा दाखला दिला. चित्रातला घोडा पाहताना माणूस त्याला खरा घोडा समजत नाही. घोडा समजून मग फसलो असेही म्हणत नाही. घोडा आहे की नाही या संशयात पडत नाही. आणि हे घोड्यासारखे काहीतरी आहे असेही म्हणत नाही. तो सरळ ‘घोडा’ म्हणतो. नटाला पाहून ‘हा राम’ म्हणणे असेच, सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानांहून निराळे. प्रेक्षकाला नट आणि राम यांतला भेद कळत नाही, या आरोपाला याहून समर्पक उत्तर अजून कोणी दिलेले नाही. पुढे अभिनवगुप्ताने शंकुकाचे अनुमानाचे मत खोडले आणि भट्टनायकाने मांडलेला साधारणीकरणाचा विचार स्वीकारून पुढे नेला. रंगमंचावरचे दुःख पाहताना ते माझे, शत्रूचे की तिऱ्हाइताचे हा हिशोब गळून पडतो. भावना कोणा एकाची राहत नाही, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. या आस्वादाला त्याने ब्रह्मानुभवाच्या शेजारी नेऊन ठेवले.

दर्शन आणि प्रेक्षण यांतला फरक नेमका येथे हाती लागतो. रसास्वादात ‘माझे’ गळून पडावे लागते. दर्शनाला निघालेला माणूस मात्र ‘माझे’ घेऊनच निघतो. मुलाचा ताप, कोर्टातला दावा, मुलीचे लग्न, न आलेला पाऊस. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. देशावर नवस बोलतात. वारल्यांमध्ये भगत धान्याचे दाणे टाकून देवाला विचारतो. पद्धती वेगळ्या असल्या तरी गृहीत धरलेले एकच: समोर जो आहे तो ऐकतो, आणि त्याला जाब विचारता येतो. जेथे गाऱ्हाणे घालता येते ते दर्शन आणि जेथे गाऱ्हाणे विसरायला होते तो रस, अशी कसोटी लावली तर बरेच गोंधळ सुटतात. बोहाड्यातले सोंग नवसाशी बांधलेले आहे, म्हणून मुखवटा असूनही तेथे दर्शन आहे. शाकुंतल पाहताना कोणी दुष्यंताला स्वतःची अडचण सांगत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत ही कसोटी भारतीय चित्रपटाच्या अगदी पहिल्या पानापासून लावता येते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. ज्या गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची यात्रा भरते, तेथे हा मुलगा जन्मला. १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तो पाहताना आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहिले. पाठोपाठ त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवला. एका धर्माचा देव पडद्यावर पाहताना दुसऱ्या धर्माचा देव मनात उभा राहतो, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. पडद्यावरची प्रतिमा एका देवस्थानाला बांधलेली नसते, तिला क्षेत्र नसते, म्हणून ती पाहणाऱ्याच्या देवाकडे वळू शकते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. रोहिदास झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, फिल्मवर प्रक्रिया करण्याचे काम सरस्वतीबाई करत. बोहाड्यात सोंगाचा मान घराण्याकडे असतो, तसा पहिल्या चित्रपटांतला देवही घरातूनच आला.

१९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर येताच प्रेक्षक दंडवत घालत, अशा नोंदी आहेत. राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके यांनीच केली होती. हे दंडवत म्हणजे दर्शन होते का? याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘लंकादहन’ नाशकात तयार झाला. त्याच नाशकात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला आणि तरी दरवाजा उघडला नाही. पंढरपुरात विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. तंबूत तिकीट काढणाऱ्याला गाभाऱ्याचा अधिकार विचारला जात नव्हता. ज्याला दगडाचा राम पाहू दिला जात नव्हता, त्याला प्रकाशाचा राम पाहता आला. चित्रपटाने दर्शन स्वस्त केले, अशी तक्रार जे करतात त्यांनी आधी ते कोणाकोणाला महाग पडले होते याचा विचार करायला हवा. तरीही पडदा हा मंदिरप्रवेशाला पर्याय ठरला नाही, आणि सत्याग्रहींनी तो तसा मानलाही नाही. त्यांना देवासमोर उभे राहण्याचा हक्क हवा होता. देवाचे रूप पाहायला मिळणे आणि त्या हक्काने उभे राहणे यांतले अंतर त्यांना पुरते माहीत होते.

दंडवताचा उलगडा दूरच्या एका वादातून होतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगात आठव्या शतकात प्रतिमा फोडाव्यात की ठेवाव्यात यावर मोठा संघर्ष झाला. ७८७च्या निकियाच्या परिषदेने निवाडा दिला: प्रतिमेला द्यायचा तो मान, उपासना मात्र एका ईश्वराचीच; आणि प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो. या निवाड्याच्या मागे असलेला मान आणि उपासना हा भेद सिल्वासाच्या चर्चमधल्या मेरीला लागू आहे तसाच ‘लंकादहन’पुढच्या दंडवतालाही लागू करता येतो. तो प्रेक्षक भाबडाही नव्हता आणि पडद्यापुढे नवसही बोलत नव्हता. तो मान देत होता. रस आणि गाऱ्हाणे यांच्यामध्ये मान नावाची ही तिसरी जागा आहे, आणि पडद्यावरचा देव बहुधा याच जागी असतो.

याला सिल्वासाच्याच इतिहासातून जोडून घेण्यासारखा दाखला आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाले. त्या मोहिमेत राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्याबरोबर संगीतकार सुधीर फडके होते आणि मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर माडगूळकरांचे आणि फडक्यांचे गीतरामायण सुरू झाले. अनेक घरांत लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. रेडिओकडे कोणी काही मागितल्याचे ऐकिवात नाही. मान होता, गाऱ्हाणे नव्हते.

‘संत तुकाराम’ हा प्रभातचा १९३६चा चित्रपट येथे सर्वांत जास्त शिकवतो. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनिसांच्या रूपातल्या तुकोबांची चित्रे घरोघरच्या देवघरांत गेली. पडद्यावर असेपर्यंत जी प्रतिमा मानाची होती, ती तसबिरीत बसून देव्हाऱ्यात आल्यावर गाऱ्हाण्याची झाली, कारण आता तिला रोज फूल घालणारे, तिची जबाबदारी घेणारे कोणीतरी घरात होते. चित्रपटाच्या आत तर देवाला जाब तुकोबांची पत्नी जिजाईच विचारते. घरात मूल आजारी, नवरा भजनात. ती पायातला जोडा हातात घेऊन थेट विठोबावर धावून जाते. देवळातल्या देवावर जोडा उगारता येतो, कारण तो तेथे असतो आणि उत्तर देणे लागतो. हे दृश्य पाहणारा प्रेक्षक डोळे पुसतो, पण पडद्यावर जोडा उगारत नाही. गौरीने साकारलेली जिजाई शेवटी वैकुंठाच्या विमानातही बसत नाही, मुलांसाठी मागे राहते. संसाराची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा संतपट दुसरा नाही.

१९७५च्या ‘जय संतोषी माँ’चा अनुभव वरवर याच्या उलट वाटतो. प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत, आरती करत. येथे तर थिएटरचे देऊळ झाले, असे तेव्हापासून म्हटले जाते. पण व्रत कोठे झाले हे पाहायला हवे. सोळा शुक्रवारांचा उपास, गूळ-चण्याचा नैवेद्य, आंबट वर्ज्य करणे हे सारे घरी झाले, उद्यापनही घरी किंवा देवळात झाले. चित्रपटाने देवीची ओळख करून दिली, मान पडद्याला मिळाला आणि मागणे घरच्या चौरंगापुढे मांडले गेले. लोकांनी ही सीमा कोणी न शिकवता पाळली.

आता यात्रेचा विचार. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना असे म्हटले आहे की यज्ञ हे संपन्नांचे काम आहे, दरिद्र्याला तीर्थयात्रेनेच त्याचे फळ मिळते; आणि ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे त्यालाच ते मिळते. वाहनाने जाणाऱ्याचे पुण्य घटते अशी वचनेही निबंधग्रंथांत आहेत, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सगळ्याचा परामर्श आहे. वचने कडक असली तरी व्यवहार उदार राहिला. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आहे, रांग झेपत नसेल त्याला मुखदर्शन आहे, आणि तेही न जमणारे हजारो वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे दुसऱ्यासाठी यात्रा करता येते. घरी राहिलेल्या आईबापांच्या नावाने तीर्थात बुडी मारता येते, शेजारणीचा नमस्कार देवाला पोहोचवता येतो, नवस एकाने बोलून दुसऱ्याने फेडता येतो. गाऱ्हाणे हस्तांतर करता येते.

रस असा हस्तांतर करता येत नाही. कोणी कोणाच्या वतीने चित्रपट पाहू शकत नाही. पाहून आलेला माणूस कथा सांगेल, पण आस्वाद ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. म्हणून यात्रेला घरातला एक जण गेला तरी भागते आणि चित्रपटाला सगळ्यांना जावे लागते. जत्रेतल्या तंबूची रचना या गरजेवर उभी होती. दिवाळीनंतर जत्रा सुरू होत, पावसाळ्यापूर्वी संपत; तेवढ्या काळात ट्रकवर यंत्र, तंबू आणि रिळांचे डबे लादून टुरिंग टॉकीज गावोगाव फिरे. बैलगाडीने आलेल्या कुटुंबाला रात्री परतता येत नसे, मुक्काम भागच होता आणि मुक्कामाच्या रात्रीला तमाशा, सोंगे किंवा चित्रपट हवाच असे. दिवसा गाऱ्हाणे आणि रात्री रस, अशी ती वाटणी होती. मोटारी आल्या, लोक दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत घरी पोहोचू लागले, घरात दूरचित्रवाणी आणि हातात मोबाइल आला, फिल्मची जागा डिजिटल यंत्राने घेतली. तंबू विरळ झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूंवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. जत्रेतला चित्रपट स्वतःच महोत्सवाचा विषय होण्याइतका दुर्मिळ झाल्याची ती नोंद आहे.

लहान शहरांतले चित्रपट महोत्सव त्या रिकाम्या जागेजवळ उभे आहेत, मात्र देवावाचून. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावला. पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही महोत्सव भरू लागले. सिल्वासाहून मोटारीने अशा ठिकाणी निघालेले कुटुंब यात्रेकरूच असते काय? पुण्याच्या अर्थाने नाही. त्याला कोणाचे गाऱ्हाणे पोहोचवायचे नसते, परतताना अंगारा किंवा प्रसाद आणायचा नसतो. तरी घर सोडणे, गैरसोय सोसणे, अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून अंधारात बसणे आणि दोन तास स्वतःचा हिशोब बाजूला ठेवणे, हा संयम वनपर्वाने सांगितलेल्या संयमाच्या जवळचा आहे. शिवाय महोत्सवात एक गोष्ट घडते, जी तंबूत घडत नव्हती. चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि तो करणारा माणूस लोकांपुढे उभा राहतो. जिजाईला मागे का ठेवले, रामाला असा का दाखवला, आमच्या देवाचा मुखवटा कोणाला विचारून वापरला, असे त्याला विचारता येते. मोखाड्याचा किंवा नगर हवेलीतल्या खानवेलचा एखादा बोहाडा चित्रित होऊन अशा पडद्यावर आला, तर शेवटचा प्रश्न सोंगाचा मान असलेल्या घरातलाच कोणी विचारील, आणि तो विचारण्याचा पहिला हक्क त्याचाच असेल.